जमीन आणि जीभ : लुइस बेटाची कहाणी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, ग्रॅच्युइटी किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही सांगितले, ‘स्कॉटलंडजवळचे लुइस बेट.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. फोन तुटला असे समजून त्यांनी पुन्हा लावला! तेव्हा कामगारांच्या युनियनमध्ये उभा जन्म गेलेल्या माणसाचा त्या बेटाशी काय संबंध, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. एकदा एका वकीलमित्राकडे खटल्याची वाट पाहत बसलो असता त्यांनी कायद्याचे एक जाड पुस्तक आमच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, ‘हे वाचा, तुमच्या कामाचे आहे.’ खटल्याचे नाव होते, ‘क्रॉफ्टर हँडवोव्हन हॅरिस ट्वीड कंपनी विरुद्ध वीच’. हकीकत अशी. लुइस बेटावर स्टॉर्नोवे नावाचे बंदर आहे. तेथील गिरण्यांत लोकरीचे सूत काततात आणि त्या सुताचे कापड बेटावरचे शेतकरी आपापल्या घरी हातमागावर विणतात. काही व्यापाऱ्यांनी मुख्य भूमीवरून स्वस्त सूत आणवून विणून घ्यावयास सुरुवात केली. गिरणीकामगारांनी पगारवाढ मागितली की मालक त्या स्वस्त सुताकडे बोट दाखवीत. कामगारांची युनियन आणि बंदरातल्या गोदी कामगारांची युनियन एकच होती. १९३८ साली गोदी कामगारांनी त्या सुताला आणि त्याच्या कापडाला हात लावण्याचे नाकारले. संप नाही, करारभंग नाही, दंगा नाही. फक्त त्या गाठोड्यांना कोणी हात लावीना. व्यापारी कोर्टात गेले. खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत चढला आणि १९४१ च्या अखेरीस निकाल लागला, की कामगारांनी आपल्या रास्त हितासाठी असे एकत्र येणे हा बेकायदा कट नव्हे. कामगार कायद्यात हा खटला आजही महत्त्वाचा मानतात.

निकाल वाचून आनंद झालाच. पण आम्हांला कुतूहल निराळेच लागले. अटलांटिकच्या तोंडाशी असलेल्या त्या वाऱ्याच्या बेटावर एवढी एकी कोठून आली? आणि ‘क्रॉफ्टर’ म्हणजे कोण? त्या दोन प्रश्नांमागे आम्ही कित्येक वर्षे लागलो. जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

नकाशावर स्कॉटलंडच्या वायव्येस बेटांची एक लांब माळ दिसेल. तिच्या उत्तर टोकाला लुइस आहे. दक्षिणेकडचा हॅरिस हा खरे तर त्याच बेटाचा डोंगराळ भाग, पण लोक त्याला वेगळे बेट समजतात. झाडे फार थोडी. मधला सारा प्रदेश काळ्या दलदलीचा. तिच्यातली मुळे-गवत कुजून झालेली माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. तिला पीट म्हणतात. वस्ती सगळी किनाऱ्याला. वस्ती जुनी किती, तर कॅलनिश येथील उभ्या पाषाणांचे वर्तुळ साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. पुढे नॉर्वेचे दर्यावर्दी आले. १२६६ च्या तहापर्यंत ही बेटे नॉर्वेच्या राजाकडे होती. शॉबॉस्ट, लुरबॉस्ट अशी गावांची नावे त्यांचीच. त्यातल्या ‘बॉस्ट’चा अर्थ शेतवाडी. १८३१ साली ऊइग भागातल्या वाळूत वॉलरसच्या दातांत कोरलेली बुद्धिबळाची प्यादी, राजे, राण्या सापडल्या. त्या बाराव्या शतकातल्या. सापडलेल्या ९३ नगांपैकी ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि ११ एडिंबरोला. त्यांची गोष्ट शेवटी पुन्हा येईल, म्हणून हे आकडे लक्षात ठेवावे.

नॉर्वेचे राज्य गेले आणि बेट गेलिक बोलू लागले. गेलिक ही इंग्रजीची बोली नव्हे. ती आयर्लंडच्या भाषेची सख्खी बहीण. तिचे व्याकरण वेगळे, उच्चार वेगळे, वाङ्मय वेगळे. गावात मॅक्लाउड कुळाचे आणि पुढे १६१० पासून सीफोर्थच्या मॅकेन्झींचे वर्चस्व होते. जुन्या व्यवस्थेत कुळाचा सरदार आणि त्याचे लोक यांचे नाते रक्ताचे मानले जाई. जमीन सरदाराची, पण तीवर आपला पिढीजात हक्क आहे, असे लोक समजत. कागदावर मात्र तो हक्क कोठेच नव्हता. सारे दुःख येथून सुरू होते.

एडिंबरोच्या राजसत्तेला ही भाषा खुपत होती. १६१६ साली तेथील मंत्रिमंडळाने फर्मान काढले, की इंग्रजी सर्वत्र रुजवावी आणि गेलिक मुळासकट काढावी. सरदारांची मुले इंग्रजी शिकली, एडिंबरो-लंडनला राहू लागली, तेथला खर्च करू लागली. तो खर्च भागवायला बेटावरच्या कुळांचा खंड वाढू लागला. सरदाराचा जमीनदार असा झाला. आमच्या कोकणातल्या श्रोत्यांना खोत म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सामाईक शेते मोडून प्रत्येक कुटुंबास एकेक चिंचोळी पट्टी आखून दिली. ती पट्टी म्हणजे क्रॉफ्ट, आणि ती कसणारा तो क्रॉफ्टर. पट्टी मुद्दाम इतकी लहान, की तिच्यावर पोट भरू नये. खंड देण्यासाठी माणसाने मासेमारी करावी, समुद्रशेवाळ जाळून सोडाखार काढावा, मजुरी करावी. आपण ज्याला अर्धवट शेतकरी-अर्धवट मजूर म्हणतो, तो तेथे आखणी करून तयार केला गेला. लोकांचे अन्न बटाट्यावर आले.

आता या कहाणीत मुंबई येते. १८४४ साली सीफोर्थ घराण्याने हे बेट १,९०,००० पौंडांना विकले. घेणारा जेम्स मॅथिसन, ‘जार्डीन, मॅथिसन आणि कंपनी’तला मॅथिसन. त्याने ही दौलत चीनमध्ये कॅन्टनला कमावली आणि तिचा मोठा भाग अफूचा. ती अफू चीनमध्ये पिकत नव्हती. ती हिंदुस्थानातून जाई. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढे, आणि या कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार-व्यापारी होते जमशेटजी जीजीभाई. जमशेटजींच्या दानाची रुग्णालये व शाळा आपण पाहतो आणि त्यांबद्दल कृतज्ञही असतो. मॅथिसननेही लुइसवर शाळा बांधल्या, रस्ते केले, दुष्काळात धान्य आणले आणि स्टॉर्नोवेच्या बंदरावर समोरच एक भलामोठा वाडा उभारला. पैशाची वाट मात्र आपण विसरू नये. माळव्यातल्या शेतकऱ्याची बोंडे, मुंबईच्या धक्क्यावरची पेटी, कॅन्टनमधला झिंगलेला चिनी आणि लुइसवरचे ते गवाक्षांचे बुरूज, ही एकाच साखळीची चार टोके आहेत.

१८४६ पासून बटाट्यावर करपा पडला. तीन-चार वर्षे मॅथिसनने लोक जगवले; त्याबद्दल त्याला सरदारकीही मिळाली. मग हिशेब झाला. १८५१ साली त्याचा मुख्य कारभारी जॉन मन्रो मॅकेन्झी गावोगाव फिरून यादी करू लागला. कोणाची किती बाकी, कोणाच्या घरात किती खाणारी तोंडे, कोणाला कॅनडाला पाठवायचे. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. अटी अशा, की बाकी माफ, गुरे विकत घेऊ, जहाजभाडे आमचे. आणि जो जाणार नाही त्याची जमीन राहील याची हमी नाही. १८५१ ते १८५५ या काळात दोन हजारांहून अधिक माणसे बेट सोडून गेली. हे जाणे ‘स्वेच्छेने’ होते असे लिहिणारे लिहितात. ज्यांनी गिरण्यांतली आणि कारखान्यांतली ‘स्वेच्छानिवृत्ती’ पाहिली आहे, ते हा शब्द जरा जपून वापरतात.

ही माणसे क्वेबेक प्रांताच्या पूर्व भागात आणि ऑन्टॅरिओत जाऊन राहिली. क्वेबेकमधल्या एका गावाला त्यांनी स्टॉर्नोवे हेच नाव दिले. जंगल तोडले, देवळे बांधली, दोन-तीन पिढ्या गेलिक बोलली आणि मग भाषा तेथे विझली. येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. जी जमीन त्यांना ‘मोकळी’ म्हणून मिळाली, ती तिथल्या मूळ रहिवाशांची होती. घराबाहेर काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात बसवायचे, ही साम्राज्याची जुनी रीत. बेटावरून निघालेली काही माणसे तर साम्राज्याचे आधारस्तंभ झाली. स्टॉर्नोवेचा अलेक्झांडर मॅकेन्झी १७९३ साली कॅनडा ओलांडून पॅसिफिक महासागराला पोहोचला. स्टॉर्नोवेचाच कॉलिन मॅकेन्झी हिंदुस्थानात आला आणि १८१५ साली हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याने कावली बंधूंसारख्या एतद्देशीय पंडितांच्या मदतीने हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह केला. त्यात मराठी कागदही आहेत. स्वतःच्या बेटाची तोंडी परंपरा लिहून ठेवण्याचे काम त्याच्या हातून झाले नाही. ते पुढे दुसऱ्यांना करावे लागले.

बेटावर राहिलेल्यांचे काय झाले? त्यांनी सोसले आणि मग एके दिवशी सोसणे थांबवले. लुइसला चिकटून बर्नेरा नावाचे छोटे बेट आहे. तेथील कुळांची उन्हाळी गायराने शिकारीच्या हरणांसाठी काढून घेण्यात आली. बदल्यात दुसरी जमीन दिली. लोकांनी आपल्या श्रमाने मैलोगणती दगडी बांध घातला. बांध पुरा होतो न होतो तोच, १८७४ साली तीही जमीन सोडा असा हुकूम आला. हुकूम काढणारा मॅथिसनचा दुसरा कारभारी, डोनल्ड मन्रो. साऱ्या बेटाची वकिली, वसुली आणि कितीतरी सरकारी पदे या एका माणसाच्या हाती एकवटली होती. लोकांनी नाही म्हटले. नोटिसा घेऊन आलेल्या बेलिफाशी झटापट झाली आणि त्याचा कोट फाटला. एकाला पकडताच बर्नेराची शंभराहून अधिक माणसे पायपर पुढे घालून, वाजतगाजत, स्टॉर्नोवेपर्यंत चालत गेली आणि मॅथिसनच्या वाड्यापुढे उभी राहिली. मालक म्हणाले, आम्हांला यातले काही ठाऊकच नाही. मालकांना कधी काही ठाऊक नसते, हा आमचाही तीस वर्षांचा अनुभव आहे! तिघांवर खटला झाला. तिघेही सुटले. उलटतपासणीत कारभाऱ्याचा कारभार मात्र साऱ्या देशापुढे उघडा पडला.

हा पहिला विजय. त्यानंतर स्काय बेटावर १८८२ साली कुळांनी पोलिसांना दगडांनी तोंड दिले, आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे नाव आपल्या इतिहासातले आहे. ते १८६६ ते १८७२ मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ साली व्हाइसरॉय मेयो यांच्या खुनानंतर काही काळ हंगामी व्हाइसरॉयही. कुळ, खंड, वहिवाट यांचे राज्यकारभारातले ज्ञान त्यांनी येथे मिळवलेले होते. आयोगात एकही कूळ नव्हते. पण गेलिक जाणणारे सभासद होते. १८८३ साली आयोग गावोगाव, देवळांत आणि शाळांत बसला आणि साडेसातशेहून अधिक लोकांच्या साक्षी त्याने घेतल्या.

पहिली बैठक स्कायवरच्या ब्रेस गावी. पहिला साक्षीदार अँगस स्ट्यूअर्ट. त्याने आरंभीच विचारले, की आम्ही खरे सांगितले तर आम्हांला जमिनीवरून काढणार नाही, याची हमी कोण देतो? जमीनदाराचा कारभारी तेथेच बसलेला होता. हमी मागितल्यावर माणूस बोलू लागला आणि गेलिकमध्ये बोलला. दुभाषा ते इंग्रजीत सांगे आणि लेखनिक इंग्रजीत उतरवी. त्या साक्षींचे मोठमोठे खंड आज उपलब्ध आहेत. ते वाचताना आमच्या मनात एक विचार नेहमी येतो. त्या गरीब माणसांनी आपल्या तोंडाने, आपल्या शब्दांत जे सांगितले, ते मूळ शब्द बहुतेक हरपले आहेत. उरले आहे ते भाषांतर.

हा विचार आमच्या मनात का येतो, तेही सांगतो. आमचे वडील संगमेश्वराकडून मुंबईस आले आणि एका गिरणीत साच्यावर लागले. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी बंद झाली. पुढे हिशेबासाठी बोलावणे आले. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी कागद होता. वडिलांनी खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, सुवाच्य सही केली. आपली सही चांगली येते याचा त्यांना अभिमान होता. तीन आठवड्यांनी चाळीतल्या एका कारकुनाने कागद वाचून दाखविला. आपला यापुढे कोणताही दावा उरलेला नाही, असे त्यात लिहिले होते. वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘मला वाटलं, पैसे मिळाल्याची पावती आहे.’ आम्ही तेव्हा आठवीत होतो. शाळा सुटली ती त्याच वर्षी.

नेपियर आयोगानंतर १८८६ साली क्रॉफ्टर कायदा झाला. त्याचा सांगाडा १८८१ च्या आयर्लंडच्या कायद्याचा. खंड भरणाऱ्या कुळाला काढता येणार नाही. खंड किती रास्त ते आयोग ठरवील. कुळाने केलेल्या सुधारणेची भरपाई मिळेल. क्रॉफ्ट वारसाने मुलाकडे जाईल. पुष्कळांचे खंड उतरले, थकलेल्या बाक्या मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्या. पण ज्यांना जमीनच नव्हती, त्यांना कायद्याने काही दिले नाही. म्हणून १८८७ च्या नोव्हेंबरात पार्क भागातले भुकेले लोक, शाळामास्तर डोनल्ड मॅक्रे यांच्या चिथावणीने, हरणांच्या शिकारखान्यात शिरले आणि सर्वांदेखत हरणे मारून शिजवून खाल्ली. एडिंबरोच्या ज्यूरीने त्यांनाही सोडले.

पण कायद्याने जमीन वाचवली तशी भाषा वाचवली नाही. १८७२ च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक मुलाला शाळा दिली. त्यात गेलिकचे नावही नव्हते. ज्या मुलाला इंग्रजीचा शब्द येत नाही, त्याला पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकवावयाचे. वर्गात गेलिक बोलल्याबद्दल गळ्यात काठी अडकवून उभे केल्याच्या आठवणी बेटांवर सांगत. भाषा टिकली ती शाळेबाहेर. देवळात टिकली, कारण बायबलचा नवा करार १७६७ साली आणि संपूर्ण बायबल १८०१ साली गेलिकमध्ये आले होते. तेथे स्तोत्र म्हणताना एकजण ओळ सांगतो आणि सारी सभा ती उचलून आपापल्या हेलकाव्यांनी गाते. आपल्याकडे बुवांनी चरण म्हटला की टाळकरी उचलतात तसे, पण वाद्याशिवाय. भाषा चुलीपाशी टिकली. संध्याकाळी एखाद्या घरी शेजारी जमत, गोष्टी, गाणी, वंशावळ्या, थट्टा चाले. त्या बैठकीला केली म्हणत. प्रत्येक गावाला आपला शाहीर असे. आणि कामावर टिकली. हेरिंग मासे साफ करणाऱ्या बेटावरच्या मुली बोटींच्या मागोमाग उत्तरेच्या शेटलंडपासून दक्षिणेच्या यार्मथपर्यंत जात. तिघी-तिघींची टोळी, दोघी कापणार, एक पिंपात रचणार. बोटांना चिंध्या बांधून, मिठाच्या पाण्यात, बारा-बारा तास काम करीत आणि काम करता करता गेलिक गाणी म्हणत. १९३० च्या दशकात याच मुलींनी यार्मथला मजुरीसाठी संपही केला.

पहिले महायुद्ध आले. तीस हजारांहून थोड्या कमी वस्तीच्या लुइसने सहा हजारांहून अधिक माणसे लढाईवर पाठवली. सुमारे हजार परतली नाहीत. युद्ध संपले. परतणाऱ्यांना घेऊन ‘आयोलेर’ नावाची बोट १९१८ च्या शेवटच्या रात्री निघाली. आयोलेर म्हणजे गेलिकमध्ये गरुड. नववर्षाच्या पहाटे, काळोखात, स्टॉर्नोवे बंदराचे दिवे दिसत असता, ती खडकावर आपटली. किनारा काही वारांवर होता. निदान २०१ माणसे बुडाली. जॉन मॅक्लाउड नावाचा एक तरुण दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागला, आणि त्या दोरावरून चाळीसच्या आसपास लोक वाचले. घरोघर आंथरुणे घालून, चूल पेटती ठेवून बायका वाट पाहत होत्या. त्या रात्रीविषयी बेटावर कितीतरी वर्षे कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्याच सुमारास बेटाला नवा मालक मिळाला होता. साबणवाला लीव्हर, म्हणजे लॉर्ड लीव्हरह्यूम. त्याचा सनलाइट साबण १८८८ पासून हिंदुस्थानात येत होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९३३ साली, त्याच्या कंपनीने मुंबईत आपली भारतीय कंपनी काढली. १९१८ साली त्याने लुइस विकत घेतले. त्याचा बेत असा, की स्टॉर्नोवेचे मोठे मासळीशहर करायचे. कारखाने, डबे भरण्याची सोय, रेल्वे. शेतीच्या तुकड्यांत रस नाही. सर्वांना पगार देऊ. परत आलेल्या सैनिकांना सरकारने जमिनीचे वचन दिलेले. त्यांनी ग्रेस आणि कोल ही मोठी शेते ताब्यात घेतली आणि नांगरली. लीव्हरह्यूम स्वतः ग्रेसच्या पुलावर येऊन त्यांच्याशी बोलला. लोकांनी ऐकून घेतले. पण त्यांचे उत्तर बदलले नाही, आधी जमीन.

या ठिकाणी युनियनवाल्याची बाजू काय असावी? पगार देणारा मालक समोर उभा असताना शेताचा हट्ट धरणे, हे मागासलेपण होय, असे आम्हीही तरुणपणी म्हटले असते. आज म्हणत नाही. पगार ज्याच्या हाती, त्याच्या मनात आले की पगार थांबतो. क्रॉफ्टवर हक्क असलेला माणूस उपाशी राहील, पण वाकणार नाही, हे चार वर्षांत लीव्हरह्यूमने स्वतः सिद्ध केले. बाजार पडताच त्याने काम गुंडाळले. १९२३ साली त्याने जमीन लोकांना फुकट देऊ केली. क्रॉफ्टचे पूर्ण मालक होण्याचे फार थोड्यांनी पत्करले. कारण १८८६ च्या कायद्याने कूळ म्हणून मिळालेली सुरक्षितता पुरेशी होती, आणि मालक झाले की करांचा बोजा आला असता. स्टॉर्नोवे भागाने मात्र साठ हजारांहून अधिक एकर जमीन स्वीकारली. रहिवाशांनी निवडलेले विश्वस्त ती जमीन आजही पाहतात.

आणि त्याच वर्षी, १९२३ च्या एप्रिलात, ‘मेटागामा’ जहाज स्टॉर्नोवेहून कॅनडाकडे निघाले. सुमारे ३०० प्रवासी, बहुतेक विशीतले तरुण. जमीन थोडी, काम नाही, बोटी नाहीत. हक्क मिळाला, पण त्या हक्कावर उभे राहण्यास माणूस राहीना. पुढची कित्येक वर्षे हेच चालले. टाँग गावच्या एका कोळ्याच्या दहा मुलांतली धाकटी, मेरी ॲन मॅक्लाउड, १९३० साली न्यू यॉर्कला गेली. तिची आईकडून आलेली भाषा गेलिक. तिचा मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, हे आपण जाणता. १९११ साली तीस हजारांच्या जवळ असलेली बेटाची वस्ती आता वीस हजारांच्या आत आहे.

या साऱ्यात दोन गोष्टी बेटाने हातच्या सोडल्या नाहीत. एक, ट्वीड. आरंभी सांगितलेले कापड. १९९३ सालच्या कायद्याने असे ठरले आहे, की बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीचे, बेटकऱ्याने स्वतःच्या घरी विणलेले आणि तेथेच पुरे केलेले कापड तेच हॅरिस ट्वीड. ज्याने १९३८ मध्ये सुताच्या गाठोड्याला हात लावला नाही, त्या गोदी कामगाराचा हट्ट पन्नास वर्षांनी कायदा झाला.

दुसरी गोष्ट जमीन. २००३ सालच्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या गावांना सामुदायिकपणे जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. २००७ साली लुइसच्या उत्तरेकडील गॅल्सन इस्टेटीची सुमारे ५६,००० एकर जमीन तेथील गावांच्या मालकीची झाली. २०१५ साली पार्कही, जेथे भुकेल्यांनी हरणे मारली होती तेच पार्क, लोकांच्या हाती आले. आज पश्चिम बेटांतली निम्म्याहून अधिक जमीन तिथल्या रहिवाशांच्या संस्थांकडे आहे. कोणी विचारील, मग कहाणी सुफळ संपूर्ण झाली की नाही?

नाही. येथेच आमची खरी अडचण आहे. जमीन परत आली, त्याच काळात भाषा निघून चालली. वास्तविक १९७० नंतर भाषेसाठी पुष्कळ झाले. लुइसच्या बेबल गावात वाढलेल्या डेरिक टॉमसन या कवीने आधीच, १९५२ साली, ‘गर्म’ हे गेलिक त्रैमासिक काढण्यात पुढाकार घेतला होता. १९७५ साली बेटांची स्वतःची परिषद स्थापन झाली आणि तिने दोन्ही भाषांचे धोरण घेतले. १९८५ पासून गेलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग सुरू झाले. २००५ साली भाषेचा कायदा झाला, २००८ साली दूरचित्रवाणीची वाहिनी आली, २०२५ साली गेलिकला कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. साऱ्या स्कॉटलंडात गेलिक बोलू शकणारे २०११ च्या शिरगणतीत सुमारे ५७,६०० होते. २०२२ मध्ये ६९,७०० झाले. पण त्याच शिरगणतीत पश्चिम बेटांवर गेलिक बोलणारे ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. म्हणजे भाषेच्या माहेरीच ती निम्म्याखाली गेली. शहरातल्या वर्गात भाषा वाढते आहे. गावातल्या दुकानात, बंदरावर, पोरांच्या खेळात ती कमी होते आहे. २०२० साली संशोधकांच्या एका गटाने बजावले, की असेच चालू राहिले तर गावाची रोजची भाषा म्हणून ती दहा वर्षांपलीकडे टिकणार नाही.

कारणे शोधायला फार लांब जायला नको. तरुणाला राहायला घर नाही. घरे सुटीपुरती येणाऱ्यांनी घेतलेली. कायमचे काम थोडे. दुकान, दवाखाना, बँक, कचेरी, सगळीकडे इंग्रजीवाचून अडते आणि गेलिकवाचून कोणाचेच अडत नाही. एका टेबलाशी गेलिक न जाणणारा एक माणूस बसला की दहाजण सौजन्याने इंग्रजीत बोलतात. सौजन्य चांगलेच; पण रोजच्या सौजन्याने भाषा मरते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. जमिनीवाचून भाषा उभी राहत नाही, हे लुइसच्या पहिल्या दीडशे वर्षांनी शिकवले. नुसत्या जमिनीनेही भाषा राहत नाही, हे पुढची पन्नास वर्षे शिकवत आहेत. जेथे पोट आहे, तेथे भाषेला खुर्ची मिळाली पाहिजे. पगाराच्या चिठ्ठीवर, कराराच्या कागदावर, साक्षीच्या जबानीत. भाषेसाठी शाळा काढणारे पुष्कळ भेटतात. तिच्यावाचून एखादा व्यवहार अडवून दाखवणारे थोडे.

बुद्धिबळाच्या त्या सोंगट्यांची गोष्ट सांगायची राहिली. अफूच्या पैशातून उठलेला मॅथिसनचा वाडा आता लोकांच्या मालकीचा आहे. २०१६ साली त्यात बेटांचे संग्रहालय उघडले आणि ९३ पैकी सहा सोंगट्या लंडनहून दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर घरी आल्या. एकाने आम्हांला विचारले, आपल्याच वस्तू उसन्या कशा? आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वडिलांच्या त्या सहीनंतर युनियनमध्ये आलो, तेव्हा आम्ही एक नियम केला आणि आजपर्यंत मोडलेला नाही. मालकाशी झालेला प्रत्येक करार सही करण्यापूर्वी सर्व कामगारांसमोर मराठीत मोठ्याने वाचायचा. आता खात्यांत उत्तरेकडचे, ओडिशाचे, बंगालचे भाऊ आले आहेत. म्हणून हिंदीत वाचतो, आणि जेथे अडते तेथे त्यांच्यातल्याच एकाला उभे करून त्याच्या भाषेत सांगायला लावतो. वेळ लागतो. व्यवस्थापनाची माणसे घड्याळाकडे पाहतात. गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात असेच वाचन चालले असता मागे बसलेला एक पोरगा उठून म्हणाला, ‘साहेब, सातवं कलम पुन्हा वाचा. मला कळलं नाही.’ आम्ही पुन्हा वाचले. त्या कलमात चूक होती. ती दुरुस्त झाल्यावर मगच सह्या झाल्या.